वाचनालयाचा उतार

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्ता वहिनीकडून मिळाला. मिळाला म्हणजे तिसऱ्यांदा मागितल्यावर मिळाला. तिने तो एका जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून माझ्या हातात ठेवला आणि आत निघून गेली. फोन तू उचलत नाहीस. म्हटलं, पत्र निदान उघडशील.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, पण गच्चीवर कपडे वाळत घालायला स्वतःच जायचा हट्ट सोडत नाही. वर्कशॉपचं शटर वहिनी रविवारी उघडते, झाडून घेते, वेल्डिंग मशीनवरची धूळ पुसते आणि पुन्हा कुलूप लावते. मी एकदा मदतीला गेले होते. झालंय सगळं, म्हणाली. झालेलं नव्हतं, अर्धी जागा अजून झाडायची होती.

गणिताच्या बाई गेल्या महिन्यात दवाखान्यातून घरी आल्या. खुबा जुळतोय, मनगटाचं प्लास्टर निघालं. मी दर आठवड्याला त्यांना पुस्तकं नेऊन देते. स्वतः वाचनालयात जायचं त्या नाव काढत नाहीत. तसंही आपल्या उताराच्या तोंडाशी समितीने दोरी बांधून ‘वापर बंद’ अशी पाटी लावली आहे.

दादा, तू फार मनाला लावून घेतलंस. वाचनालयाच्या बैठकीत लोक बोलले ते रागाच्या भरात बोलले. बाई त्या उतारावरून चाकाच्या खुर्चीसकट पडल्या, सगळे हादरले होते, कुणावर तरी खापर फुटणारच होतं. पण समितीने माझ्याकडून लिहून घेतलेल्या चौकशीच्या अहवालात मी तुझं नाव कुठेही घेतलेलं नाही. हवी तर प्रत पाठवते. एवढ्यासाठी चालतं वर्कशॉप बंद करायचं आणि परगावी कुणाच्या तरी कारखान्यात रोजावर जाऊन उभं राहायचं, हे काही मला पटलं नाही. चार महिन्यांत लोक विसरतात.

तुझा हातमोज्यांचा एक जोड इथेच खुंटीवर राहिलाय. पाठवू का?

तुझी,
फूटपट्टी


२७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं हे मात्र वहिनीकडून कळलं, कारण तू तिला फोनवर म्हणालास की हातमोजे नकोत.

एक बातमी आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. आपल्या कामाची दुसऱ्या टप्प्यासाठी निवड झाली.

परदेशातल्या त्या आठ महिन्यांच्या आदानप्रदान कार्यक्रमाहून मी परत आले, तेव्हा तिथे जाऊन आलेल्यांना आपापल्या गावात लोकांच्या उपयोगाचं काम करायला अनुदान मिळतं, हे सगळ्यात आधी तुलाच सांगितलं होतं. तुझ्या वर्कशॉपमधल्या उलट्या डब्यावर बसून मी अर्जातला रकाना मोठ्याने वाचला होता, ‘समाजाची गरज, दोनशे शब्दांत’. तू मास्क वर करून म्हणालास, समाजाला विचारलंस का, दोनशेत भागतंय का म्हणून. मग दोघांनी मिळून पाच इमारती ठरवल्या. दवाखाना, टपाल कार्यालय, शाळा, बँक आणि वाचनालय. नकाशे माझे, लोखंडाचं काम तुझं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला कुणाचीही मनधरणी न करता आत जाता यावं, एवढीच गोष्ट. आता त्यांना हेच काम वीस इमारतींत हवंय. त्यांच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तुझा फोटो आहे. मास्क घातलेला, ठिणग्या उडताहेत. खाली लिहिलंय, ‘स्थानिक कारागिराचा सहभाग’. नाव नाही.

मार्चअखेर करारावर सही करायची आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. ज्यांच्याकडे मी नकाशे काढते त्या साहेबांना दुसऱ्याचं कौतुक करायचं म्हटलं की पोटात दुखतं, पण त्यांनीसुद्धा सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्याच संध्याकाळी रस्त्यात शाळेचे मुख्याध्यापक भेटले. शाळेच्या फाटकाचं काम त्यांनी तुझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलंय. तुमचा भाऊ म्हणून वाईट वाटतं हो, म्हणाले, पण मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. मी मान हलवली. दादा, मी मान हलवली आणि भाजी घेऊन घरी आले.

अहवालाची प्रत पाठवते म्हटलं होतं. ती पाठवत नाही, त्यातलं एकच वाक्य लिहिते. ‘सदर उताराचे बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झालेले नसल्याचे आढळून आले.’ त्याला मी मूळ नकाशा जोडला. यातलं एक अक्षर खोटं नाही. तीन वेळा लिहून खोडलं, तेव्हा कुठे ते इतकं खरं झालं.

आई तुझ्याबद्दल काही बोलत नाही. बैठकीहून आपण तिघं घरी आलो त्या दिवशी ती तुला जे बोलली, ते ती मनापासूनच बोलली होती. म्हाताऱ्या बाईच्या जिवाशी खेळलास, असं. मी तेव्हा तिथेच होते, पाण्याचा माठ भरत होते. भरलेला होता, तरी भरत होते.

बाकी पुढच्या पत्रात.

फूटपट्टी


१५ मार्च

दादा,

आज बाईंकडे गेले होते. नेहमीसारखी पुस्तकं उशाशी ठेवली, तब्येत विचारली. निघायला उठले तर म्हणाल्या, बस जरा. आणि वर्गात फळ्यासमोर उभं करून विचारायच्या ना, अगदी तसं विचारलं.

“वाचनालयाच्या पायऱ्या किती?”

मी म्हटलं, पाच.

“एकेक केवढी?”

“सहा इंच.”

“म्हणजे अडीच फूट चढ. एक फूट चढाला बारा फूट लांबी धरली, तर उतार किती लांब हवा?”

तीस फूट, मी म्हटलं.

“आणि उतारावर चार-चार फुटांचे पत्रे किती टाकलेत?”

त्याच म्हणाल्या, पाच. वीस फूट. त्यांनी म्हणे पहिल्याच दिवशी खुर्चीत बसून मोजले होते. वर जाताना ग्रंथपाल ढकलत, तेव्हा काही वाटलं नाही. उतरताना चाकांवर हात ठरत नव्हते, तळहात भाजायचे. तरी रोज गेल्या. का, तर सहा वर्षांनी पुस्तकाच्या कपाटापर्यंत स्वतः जाता येत होतं. आणि दुसरं असं की दोघेही आपलेच विद्यार्थी, त्यांनी काही विचार करूनच केलं असेल, आपलाच हिशेब कुठेतरी चुकत असेल, असं त्या धरून चालल्या. आपल्या दोघांवरच्या विश्वासापायी त्यांनी स्वतःच्या गणितावर अविश्वास दाखवला. हे ऐकून घेताना मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचत होते.

मग म्हणाल्या, तू गाव सोडायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात त्यांना भेटायला गेला होतास. हे मला माहीत नव्हतं. त्यांनी तुला विचारलं, पत्रे कमी का टाकलेस. तू म्हणालास, मोजण्यात चूक झाली बाई.

“त्याची बेरीज चुकेल,” बाई मला म्हणाल्या, “मोजमाप चुकायचं नाही. तेव्हाच मला कळलं, तो कुणाला तरी पाठीशी घालतोय. तू माझ्याकडे नऊ वेळा आलीस. नऊही वेळा मला वाटलं, आज सांगेल.”

दादा, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागल्या. मी जाऊ का म्हणून विचारायचंही राहून गेलं.

तुला यातलं सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण मी हे अजून कुठेही, एकदाही लिहिलेलं नाही.

वाचनालयाच्या दारापासून फाटकापर्यंत जागा एकवीस फूट. तीस फुटांचा उतार सरळ बसत नाही, म्हणून मीच नकाशात तो अर्ध्यावर वळवला होता आणि वळणावर पाच फूट सपाट जागा ठेवली होती, दमलेल्याने थांबावं म्हणून. बाकी चार इमारती झाल्या होत्या. वाचनालयासाठी पत्रे कमी पडले. व्यापारी म्हणाला, आठ दिवस लागतील. कार्यक्रमाचे पाहुणे तीन दिवसांवर येऊन ठेपले होते, आणि पाचही कामं पूर्ण दाखवली तरच दुसऱ्या टप्प्यासाठी नाव जाणार होतं. मी तुला म्हटलं, आहेत ते पाच पत्रे सरळ टाक. पाहुणे गेले की मोडू आणि नकाशाप्रमाणे करू.

तू नाही म्हणालास. फार चढ होईल, खुर्ची आवरणार नाही. मी म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तू म्हणालास, मग त्यांना अपुरं काम दाखव, त्यात लाज कसली. तेव्हा मी चिडले. काय म्हणाले ते तू विसरला असशील तर फार बरं, पण तू विसरणारा नाहीस. मी म्हटलं, “दादा, तू वेल्डिंग कर. नकाशा माझा आहे, जबाबदारी माझी.”

तू मास्क खाली ओढलास आणि कामाला लागलास.

पाहुण्यांसमोर दोन धट्टीकट्टी माणसं खुर्ची ढकलत वर गेली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. पुढच्या सोमवारी पत्रे आले. तुझा फोन आला, कधी मोडायचं? मी कार्यक्रमासाठीचा अहवाल लिहीत होते. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. पुन्हा फोन आला. मी कार्यक्रमाहून आलेल्या सगळ्यांच्या मेळाव्याला निघाले होते, आपल्या कामाबद्दल भाषण द्यायला. म्हटलं, आल्यावर बघू. मी भाषणात ‘सुरक्षितता’ हा शब्द किती वेळा वापरला असेल, देव जाणे. परत आले तरी तो आठवडा काही उजाडला नाही. दोन महिने. मग बाई पडल्या.

बैठकीत अध्यक्षांनी नकाशा टेबलावर पसरला आणि तुला विचारलं, हे असं असताना तू तसं का केलंस? तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही, एकदाच. मी फायलीची नाडी बांधत होते. मग तू खाली मान घालून म्हणालास, चुकलं.

मी दोन शब्द बोलले असते तर तिथल्या तिथे मिटलं असतं. मला भीती तुरुंगाची नव्हती, नोकरी जायचीही नव्हती. परदेशात जाऊन आलेली, हुशार म्हणून गावात मिरवणारी मुलगी लोकांच्या नजरेतून उतरेल, एवढीच होती. आणि तू तर फक्त वेल्डर, तुझं काय जाणार आहे, असं माझ्या मनात कुठेतरी होतं. हे लिहायला मला आत्ता सगळ्यात जड गेलं.

पत्राखाली नाव लिहीत नाही. फूटपट्टी हे नाव तू ठेवलंस, लहानपणी मी घरातलं प्रत्येक टेबल मोजत सुटायचे म्हणून. ते लिहिताना हात अडतो.


२ एप्रिल

दादा,

आधी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगून होईपर्यंत तिने ताटातून मान वर केली नाही. मला वाटलं, ऐकलं नाही की काय. मग ताट बाजूला ठेवून म्हणाली, “मी त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही. त्याने हाताने घेतलं.”

मला शिवी दिली असती, दोन ठेवून दिल्या असत्या, तर मी नीट रडले तरी असते. ती तुझ्या इथल्या जुन्या खोलीत जाऊन बसली आणि दार लोटून घेतलं. त्या दिवसापासून घरात माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ संपलंय. दार लाव.

दुसऱ्या दिवशी वहिनीकडे गेले. तिला उंबऱ्यातच सांगितलं, कारण तिने आत ये म्हटलं नाही. तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तूच तिला शपथ घातली होतीस की बोलायचं नाही. म्हणाली, तुमच्या भावाने स्वतःचं तोंड बंद ठेवलं, माझंही ठेवलं, आणि तुम्ही त्यांना हातमोजे पाठवू का म्हणून विचारता.

वाचनालयाच्या समितीला मी लेखी दिलं. तिथे निराळीच तऱ्हा. अध्यक्ष म्हणाले, झालं गेलं, आता कशाला उकरून काढायचं, फाईल बंद झाली आहे. दुसरा टप्पा आला तर वाचनालयाला नवी खोली मिळणार होती, ते त्यांच्या डोक्यात. मी म्हटलं, बैठकीत माझ्या भावाला सगळ्यांसमोर विचारलं होतंत, तर हेही सगळ्यांसमोर वाचा. कुणी वाचेना. शेवटी मीच उभी राहून वाचलं. सोळा माणसं होती. मुख्याध्यापकही होते. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतलं कुणीतरी “म्हणजे तो बिचारा उगाच…” एवढं म्हणालं आणि थांबलं. अध्यक्षांनी नाइलाजाने नोंद घेतली. निवेदनाची एक प्रत मी सूचनाफलकावर लावली. दोन दिवसांनी कुणीतरी काढली. मी पुन्हा लावली.

कार्यक्रमाच्या कचेरीलाही लिहिलं, करारावर सही करायच्या चार दिवस आधी. त्यांचं उत्तर फार सभ्य आहे. प्रामाणिकपणाबद्दल आभार, दुसरा टप्पा रद्द, यापुढे मला अर्ज करता येणार नाही, बाकी चार उतारांची त्रयस्थाकडून तपासणी होईल. तपासणी परवा झाली. तो माणूस दिवसभर मोजपट्टी आणि समतल बघायची पाणसळ घेऊन फिरला. चारही उतार बिनचूक निघाले. त्याने मला विचारलं, हे कुणी बनवलं? मी तुझं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि त्याने कागदावर ते बरोबर लिहिलंय की नाही, हे वाकून पाहिलं.

साहेबांनी कामावरून काढलं नाही. माझ्या नकाशांवर आता दुसऱ्याची सही लागते. ते योग्यच आहे.

ये असं मी म्हणत नाही. तो हक्क माझा उरलेला नाही. आई मात्र आज सकाळी पिशवी भरून, मला न सांगता, बसने निघाली आहे. गुडघे तसे असताना. शेजारणीकडून कळलं. तुझा पत्ता तिने तुझ्या खोलीतल्या आरशावर चिकटवून ठेवला होता. कागद तिथे नाही, म्हणजे तुझ्याकडेच येत असेल. हे पत्र तिच्यानंतर पोचेल, म्हणून वहिनीला तुला फोन करायला सांगितलंय: बसच्या पायऱ्या उंच असतात, उतरवून घ्यायला जा.


११ मे

दादा,

आई तुझ्याकडे आठ दिवस राहून आली. तुमचं काय बोलणं झालं ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. एवढंच म्हणाली, वाळलाय.

गेल्या शनिवारी मी ऑफिसातून लवकर सुटले. वाचनालयाच्या रस्त्याला वळले आणि ग्राइंडरचा आवाज आला. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी राहिले. जुना उतार मोडून झाला होता, पत्रे भिंतीला लावून ठेवले होते, आणि तू खाली बसून चौकटीचा कोपरा घासत होतास. मला कुणी कळवलं नव्हतं. कळवू नका म्हणून तूच सांगितलं असशील. म्हटलं, इथूनच परत जावं. पण पाय निघेना.

तू मास्क वर केलास. मला पाहिलंस. मला वाटलं, आता पाठ फिरवेल. तू जमिनीवरच्या कठड्याच्या पाइपकडे बोट केलंस.

“धर,” म्हणालास.

मी पिशवी दुकानाच्या पायरीवर टाकून आले आणि पाइप धरला. दीड-दोन तास धरला असेल. तू सांधे मारत पुढे सरकलास, मी डोळे मिटून मान फिरवून उभी. तू मोजलंस, मी मोजलं, तू पुन्हा मोजलंस. वळणावरच्या सपाट जागेवर पाणसळ ठेवून तू ती मला दाखवलीस आणि मी पुरे म्हणेपर्यंत उचलली नाहीस. संध्याकाळच्या बसने तू गेलास. मला हात धुवायला पाणी कुठे आहे ते सांगितलंस, तेवढंच.

गैरसमज करून घेत नाही. एकट्या माणसाला लांब पाइप धरता येत नाही, म्हणून तू मला हाक मारलीस. तिथे दुसरं कुणी असतं तर त्याला मारली असतीस. ती माफी होती असं मी कुणालाही सांगितलेलं नाही, स्वतःलाही नाही.

मुख्याध्यापक दोनदा वहिनीकडे जाऊन आले. फाटकाचं काम पुन्हा तुलाच द्यायचंय म्हणतात. वहिनीने त्यांना उभ्यानेच सांगितलं, ते आले तर त्यांनाच विचारा. शटर ती आता रविवारीच नाही, रोज उघडते. का, ते तिला विचारायची माझी प्राज्ञा नाही. तू येणार आहेस की नाही, हे मला कळलंच पाहिजे असंही नाही.

काल बाई वाचनालयात आल्या. रंग वाळलाय का ते आधी बोट लावून पाहिलं. वर जाताना ग्रंथपाल ढकलायला पुढे झाले, तर त्यांना थांबवलं आणि स्वतःच्या हाताने चढल्या. हळूहळू, थांबत थांबत, पण चढल्या. तासाभराने मांडीवर दोन पुस्तकं घेऊन बाहेर आल्या. मी मागे होते. उतारावर खुर्ची आली तशी माझी दोन्ही हातांची बोटं आपोआप पुढे झाली. बाई मागे न बघता म्हणाल्या, हात लावू नकोस.

मी लावला नाही. त्या वळणापर्यंत आल्या, सपाट जागेवर खुर्ची घेतली आणि चाकांवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. खुर्ची जागची हलली नाही. मग त्यांनी वरचं पुस्तक उघडलं आणि तिथेच, भर वाटेत, पहिलं पान वाचायला घेतलं. मागून उतरणारी माणसं थांबली.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी,
धाकटी